काय काढायचे आणि काय राखायचे

मी युरॉलॉजीत, म्हणजे मूत्रसंस्थेच्या आणि पुरुषांच्या जननेंद्रियांच्या आजारांच्या शाखेत, आलो तेव्हा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा एकच नियम आम्हांला शिकवला जाई. रोग ज्या अवयवात आहे तो अवयव भोवतीच्या चरबीसह आणि लसिकाग्रंथींसह पूर्ण काढायचा. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात एम.सीएच. ही शस्त्रक्रियेतली वरची पदवी करत असताना मूत्रपिंडाच्या गाठीवर परीक्षेत लिहायचे उत्तर ठरलेले असे. कॅनडातल्या चार्ल्स रॉबसन यांनी साठच्या दशकात मांडलेली पद्धत, म्हणजे चरबीभोवतीच्या पडद्यासकट (गेरोटाचे आवरण) संपूर्ण मूत्रपिंड आणि त्याच्या वरच्या टोकाची अधिवृक्क ग्रंथी काढणे, हे ते उत्तर. त्या नियमामागे ठोस कारण होते. त्या काळी रुग्ण लघवीतून रक्त, कुशीतले दुखणे आणि हाताला लागणारा गोळा घेऊनच येत असे. गाठ दहा-बारा सेंटिमीटरची झालेली असे आणि त्या मूत्रपिंडात राखण्याजोगे फारसे काही उरलेले नसे.

मग तालुक्याच्या गावांपर्यंत सोनोग्राफी पोहोचली आणि रुग्णांचे चित्र बदलले. पित्ताशयातल्या खड्यासाठी किंवा साध्या पोटदुखीसाठी केलेल्या तपासणीत मूत्रपिंडाच्या कडेला तीन सेंटिमीटरची गाठ दिसू लागली. रुग्णाला कसलाही त्रास नसे, बाकीचे मूत्रपिंड निरोगी असे, तरीही उत्तर तेच होते. मधुमेह असलेल्या एका पन्नाशीच्या शिक्षकांच्या अशा शस्त्रक्रियेत मी साहाय्यक होतो. त्या काळच्या शास्त्राप्रमाणे सर्व काही योग्य झाले, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात रोग पहिल्या अवस्थेतला निघाला आणि गुरुजी आनंदाने घरी गेले. काही वर्षांनी ते मला भेटले ते नेफ्रॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रपिंडविकारांच्या वॉर्डात, डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा येणारे रुग्ण म्हणून. कर्करोग परत आलेला नव्हता आणि तो येणारही नव्हता. उरलेल्या एका मूत्रपिंडाला मधुमेह आणि रक्तदाब झेपले नव्हते. ‘कॅन्सरमधून वाचलो, पण किडनीने गाठलं,’ असे ते म्हणाले, त्यात कोणावरही राग नव्हता. मला मात्र त्या वॉर्डातून बाहेर पडताना असे वाटले की आपण रुग्णाला बरा म्हणतो तेव्हा नेमके काय मोजतो, हे एकदा नीट तपासायला हवे.

पुढची माझी सगळी वाटचाल त्या प्रश्नामागे गेली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मूत्रपिंड, मूत्राशय, प्रोस्टेट (मूत्राशयाखालची पुरुषांची ग्रंथी), शिश्न आणि वृषण या अवयवांची कामे माणूस कोणाजवळ बोलत नाही. लघवी रोखता येणे, ती हवी तेव्हा करता येणे, पतिपत्नीचे संबंध आणि मूल होण्याची शक्यता या गोष्टी गेल्या तर माणूस त्या गेल्याचेही सांगत नाही. कर्करोग बरा झाला आहे ना, मग तक्रार कशाला करायची, असे त्याला वाटते. म्हणून त्या राखण्याची जबाबदारी शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरवर येऊन पडते.

मूत्रपिंडापासून सांगतो, कारण माझे पहिले शिक्षण तिथे झाले. संपूर्ण मूत्रपिंड काढण्याची पहिली नियोजित शस्त्रक्रिया गुस्ताव सायमन यांनी 1869 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला केली आणि माणूस एका मूत्रपिंडावर जगू शकतो हे दाखवून दिले. त्याच हायडेलबर्गमध्ये 1887 साली व्हिन्सेंझ चेर्नी यांनी मूत्रपिंडातली फक्त गाठ कापून बाकीचे मूत्रपिंड जागेवर ठेवले. म्हणजे अंशतः मूत्रपिंड काढण्याची कल्पना माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. ती मागे पडली याचे कारण रक्तस्राव. दोन्ही मूत्रपिंडांतून मिळून हृदयाच्या एकूण रक्तप्रवाहाचा जवळजवळ पाचवा हिस्सा जातो आणि अशा अवयवात सुरी घालणे ही साधी गोष्ट नाही. आमच्या वेळी ही शस्त्रक्रिया ज्याला एकच मूत्रपिंड आहे किंवा दोन्हीकडे गाठी आहेत, अशाच नाइलाजाच्या रुग्णावर होत असे.

परदेशातल्या एका मोठ्या केंद्रात काही महिने काम करायला मिळाले, तेव्हा दुसरे मूत्रपिंड धडधाकट असलेल्या रुग्णावरही ती नेमाने होताना मी पाहिली. परत आल्यावर तीच शस्त्रक्रिया इथे करायला घेतली तेव्हा शंका घेणारे बरेच होते आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. रक्तस्राव झाला तर काय, लघवी झिरपत राहिली तर काय, कर्करोगाचा अंश मागे राहिला तर काय, हे तिन्ही प्रश्न खरे आहेत. न्यूयॉर्कमधला एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला आणि माझ्या बाजूने बोलायला आधार मिळाला. चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ, दोन मूत्रपिंडे आणि रक्तातले क्रिअॅटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो घटक) नॉर्मल, अशा रुग्णांपैकी सुमारे 26 टक्के लोकांची मूत्रपिंडे शस्त्रक्रियेच्या आधीच बऱ्यापैकी दुबळी असल्याचे त्यात दिसले. क्रिअॅटिनिनचा एकटा आकडा फसवा असतो. वय, लिंग आणि तो आकडा मिळून मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा वेग काढावा लागतो. मधुमेह, रक्तदाब आणि मुतखडे घरोघरी असलेल्या आपल्या समाजात तर हे अधिकच लागू पडते. 2009 मध्ये अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनी चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी मूत्रपिंड राखणे हा मानक उपचार ठरवला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. युरोपात 541 रुग्णांवर झालेल्या एका यादृच्छिक चाचणीचे (म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेल्या) निष्कर्ष 2011 मध्ये आले आणि त्यांत मूत्रपिंड राखलेले रुग्ण जास्त जगले असे दिसले नाही, उलट आकडे संपूर्ण मूत्रपिंड काढलेल्यांच्या बाजूने किंचित झुकलेले होते. ती चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्याने लवकर थांबली आणि तिच्यावर पुष्कळ वाद झाले, पण ती बाजूला सारणे मला कधी पटले नाही. तिने मला रुग्ण निवडायला शिकवले. निरोगी, तरुण आणि दुसरे मूत्रपिंड उत्तम असलेल्या माणसाची गाठ जर मुख्य रक्तवाहिन्यांना चिकटून खोल बसली असेल, तर मूत्रपिंड राखण्याचा हट्ट धरून त्याला धोक्यात घालण्यात अर्थ नाही. मधुमेही माणसाच्या बाबतीत मात्र मी आजही शेवटपर्यंत झगडतो.

ही शस्त्रक्रिया आतून कशी असते ते थोडे सांगतो. रुग्णाला कुशीवर झोपवतात, आतडे बाजूला सारतात आणि मूत्रपिंडाभोवतीची चरबी सोडवत जातात. गाठीवरची चरबी मात्र तशीच ठेवतात, कारण रोग तिच्यात शिरला असेल तर तो पॅथॉलॉजिस्टला दिसला पाहिजे. अल्ट्रासाउंडचा लहान प्रोब थेट मूत्रपिंडावर टेकवून गाठीची खोली पाहतात आणि कापायची रेषा कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या साधनाने, आखून घेतात. मग मूत्रपिंडाच्या धमनीवर रक्त थांबवणारा लहान चिमटा, बुलडॉग क्लॅम्प, लागतो. त्या क्षणापासून भूलतज्ज्ञ घड्याळ लावतात, कारण रक्ताविना गेलेले प्रत्येक मिनिट मूत्रपिंडाला भोवते आणि गरम अवस्थेत वीस-पंचवीस मिनिटांच्या आत क्लॅम्प निघावा असा प्रयत्न असतो. क्लॅम्प लागताच मूत्रपिंडाचा गुलाबी रंग उतरून ते फिकट, निळसर आणि मऊ पडते. कात्री गाठीच्या कडेने दोन-चार मिलिमीटर निरोगी भाग घेत फिरते. सगळे नीट चालले असेल तर खालचा थर स्वच्छ, तांबूस-करडा दिसतो. पिवळसर काही दिसले तर आपण गाठीच्या फार जवळ आलो आहोत, हे ओळखून खोल जावे लागते. गाठ निघाली की तळातल्या उघड्या रक्तवाहिन्या आणि लघवीच्या नलिकेला पडलेले भोक बारीक टाक्यांनी शिवायचे, मग वरचे ओठ जवळ आणून दुसरा टाका ओढायचा. ‘अठरा,’ असा भूलतज्ज्ञांचा आवाज येतो आणि क्लॅम्प निघतो. काही सेकंदांत मूत्रपिंड पुन्हा भरून गुलाबी होते. इतकी वर्षे झाली तरी त्या रंगाकडे मी पाहत राहतो.

प्रोस्टेटची कथा वेगळी आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी 1904 मध्ये कर्करोगासाठी पूर्ण प्रोस्टेट काढली. त्यानंतर कित्येक दशके या शस्त्रक्रियेची किंमत म्हणून पौरुष जाणारच, असे सर्जन आणि रुग्ण दोघेही धरून चालत. लिंगताठरतेच्या नसा प्रोस्टेटमधूनच जातात अशी समजूत होती. 1981 मध्ये त्याच रुग्णालयातले पॅट्रिक वॉल्श हॉलंडमध्ये लायडनला गेले असता निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांच्यासोबत मृत जन्मलेल्या अर्भकाच्या ओटीपोटाचे विच्छेदन करत बसले. तिथे दोघांना दिसले की या नसा ग्रंथीच्या बाहेरून, मागच्या दोन्ही कडांनी जातात. 26 एप्रिल 1982 रोजी वॉल्श यांनी त्या नसा जाणीवपूर्वक राखून पहिली शस्त्रक्रिया केली आणि 52 वर्षांच्या त्या रुग्णाचे पौरुष पुढे परत आले. एका शरीररचनेच्या निरीक्षणाने इतक्या माणसांच्या संसारात फरक पडावा, याचे मला आजही मोठे अप्रूप आहे.

या नसा दोऱ्यासारख्या सुट्या दिसत नाहीत. ओल्या कोळ्याच्या जाळ्यासारखे चरबी, बारीक रक्तवाहिन्या आणि तंतू यांचे ते विणकाम असते आणि ते ग्रंथीच्या आवरणापासून सोडवताना कॉटरीचा वापर टाळावा लागतो, कारण उष्णता नसांना सहन होत नाही. ओढही फार द्यायची नसते. मुख्य प्रश्न मात्र हाताच्या कौशल्याचा नसतो. रोग ज्या बाजूला आवरणाबाहेर डोकावतो आहे असे एमआरआय आणि बायोप्सी सुचवतात, त्या बाजूची नस राखायची की सोडायची हे ठरवावे लागते, आणि तिथे कर्करोगाला पहिला मान द्यावाच लागतो. मी हे रुग्णाला आधी स्पष्ट सांगतो आणि शक्यतो पत्नीच्या उपस्थितीत सांगतो.

या बोलण्याची सवय मला सहजासहजी लागली नाही. आपल्याकडे साठ-पासष्टीचा माणूस डॉक्टरसमोर या विषयाचे नाव काढत नाही आणि सोबत मुलगा किंवा सून असेल तर नाहीच नाही. सुरुवातीला मी ‘या वयात त्याचं एवढं काय,’ असे नातेवाईकांचे म्हणणे ऐकून पुढे जाणारे अनेक ज्येष्ठ सहकारी पाहिले होते. मुलांना बाहेर बसवून मी विचारू लागलो, ‘काका, घरचे संबंध कसे आहेत?’ तेव्हा कितीतरी जणांनी मान खाली घालून, पण स्पष्ट उत्तर दिले. साताऱ्याकडच्या एका गृहस्थांच्या पत्नीने तर नवऱ्याच्या आधी तोंड उघडले आणि म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, आधी रोग काढा, बाकी आमचं आम्ही बघू, पण जे वाचवता येईल ते मात्र वाचवा.’ शस्त्रक्रियेनंतर कॅथेटर (लघवीची नळी) निघाल्यावर लघवी गळते, त्यासाठी ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आधीपासून शिकवावे लागतात. ताठरता परत यायला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही अधिक लागते आणि काहींना ती परत येतच नाही. हे आधी माहीत असलेला रुग्ण धीर धरतो. ज्याला काही सांगितलेलेच नसते तो पहिल्या ओल्या पायजम्यालाच खचतो.

अनेक रुग्णांच्या बाबतीत अवयव राखण्याचा उत्तम मार्ग म्हणजे शस्त्रक्रिया न करणे, हेही मला प्रोस्टेटनेच शिकवले. टोरांटोच्या लॉरेन्स क्लॉट्झ यांनी नव्वदच्या दशकात कमी धोक्याच्या रुग्णांवर लगेच उपचार न करता पीएसए ही रक्ताची तपासणी आणि पुन्हा बायोप्सी यांच्या साह्याने नजर ठेवायची पद्धत पुढे आणली. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट या चाचणीत 1,643 पुरुषांना नजर ठेवणे, शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन असे विभागले होते. पंधरा वर्षांनंतर 2023 मध्ये आलेल्या निष्कर्षांत या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत मिळून तीन टक्क्यांहून कमी होते. सर्जनने ‘थांबू या’ म्हणणे रुग्णाच्या घरच्यांना सहज पटत नाही. ‘कॅन्सर आहे आणि नुसतं बघत बसायचं?’ हा प्रश्न मी अगणित वेळा ऐकला आहे आणि त्याला प्रत्येक वेळी पूर्ण वेळ देऊन उत्तर दिले आहे, कारण तिथे दिलेला अर्धा तास पुढची अनेक वर्षे वाचवतो.

मूत्राशयाच्या कर्करोगात राखण्याचा अर्थच बदलतो, कारण मूत्राशयाच्या भिंतीतल्या स्नायूत शिरलेल्या रोगात बहुधा पूर्ण मूत्राशय काढावेच लागते. मग लघवी कुठून बाहेर काढायची हा प्रश्न उरतो. 1950 मध्ये अमेरिकेत यूजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याचा छोटा तुकडा वापरून पोटावर वाट काढण्याची पद्धत रूढ केली आणि ती आजही सर्वात विश्वासाची आहे. तिच्यासोबत पोटाला चिकटवायची पिशवी आयुष्यभर येते. शहरातल्या माणसाला ती मिळते; आडगावच्या माणसाला तालुक्याच्या औषधाच्या दुकानातही मिळत नाही आणि दर काही दिवसांनी ती बदलण्याचा खर्च कधीच संपत नाही. देवघरात बसावे की नाही, नमाजाला उभे राहावे की नाही, पंगतीत जेवायला जावे की नाही, हे प्रश्न मला रुग्णांनीच विचारले आहेत. त्यांना मी धर्मशास्त्र सांगू शकत नव्हतो; पिशवी गळणार नाही अशी जागा पोटावर आदल्या दिवशी, रुग्णाला बसवून, उभे करून आणि मांडी घालायला लावून पेनाने नक्की करणे एवढे मात्र करू शकत होतो. मांडी घालून बसल्यावर पोटाला जी घडी पडते तिच्यावर वाट आली तर पिशवी सुटते. परदेशी पुस्तकांत मांडी घालण्याचा उल्लेख मला सापडला नाही, आमच्या वॉर्डातल्या सिस्टरांनी तो मला शिकवला.

दुसरा मार्ग म्हणजे आतड्याचेच नवे मूत्राशय. जर्मनीतल्या उल्मचे रिचर्ड हाउटमन आणि स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे उर्स स्टुडर यांनी ऐंशीच्या दशकात या पद्धती रुळवल्या. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातले अर्ध्या मीटरच्या आसपासचे आतडे घ्यायचे, ते उभे चिरून उलगडायचे आणि त्याचा गोल आकार शिवून मूत्रमार्गाला जोडायचा. चिरणे आवश्यक असते, कारण नळीच्या रूपातले आतडे आकुंचन पावत राहते आणि लघवी जोराने बाहेर ढकलते. उलगडून गोल केले की त्यातला दाब उतरतो.

शस्त्रक्रिया सहा-सात तासांची असते, पण मला तिच्याहून पुढचे काही महिने अधिक महत्त्वाचे वाटतात. नव्या मूत्राशयाला लघवी लागल्याची जाणीव नसते, म्हणून सुरुवातीला रुग्णाने घड्याळ लावून दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा उठून, बसून, पोटावर हलका जोर देत ते रिकामे करायचे असते. हळूहळू मधला वेळ चार तासांवर नेला की त्याची क्षमता चारशे-पाचशे मिलिलीटरपर्यंत वाढते. आतड्याचा चिकट स्राव लघवीत येतो आणि कॅथेटर अडकवतो, म्हणून सलाइनने धुवायला शिकवावे लागते. आतडे लघवीतले आम्ल शोषून घेते, त्यामुळे रुग्णाला थकवा, मळमळ आणि भूक मंदावणे सुरू झाले तर सोडिअम बायकार्बोनेट लागते. पुढे काही वर्षांनंतर बी-12 हे जीवनसत्त्व तपासावे लागते. एका रिक्षाचालकाने हे सगळे एका वहीत लिहून काढले होते: वेळ, किती मिली, ओले की कोरडे. रात्री उठण्यासाठी पत्नीनेही गजर लावला होता. काही महिन्यांनी तो परत रिक्षा चालवू लागला आणि दोन भाड्यांच्या मध्ये घड्याळ पाहून स्वच्छतागृहाला जाऊ लागला. मुंबईत ते सापडणे हीच त्याची मुख्य अडचण होती.

प्रत्येकाला हे जमत नाही आणि ते सांगण्यात मी कधी संकोच केला नाही. मूत्रपिंडे दुबळी असतील, मूत्रमार्गाच्या कडेपर्यंत रोग असेल, हात थरथरत असल्याने गरज पडल्यास स्वतः कॅथेटर घालता येणार नसेल किंवा घरी लक्ष ठेवणारे कोणी नसेल, तर पोटावरची वाटच बरी. काही निवडक रुग्णांत मूळ मूत्राशयही राखता येते: दुर्बिणीतून गाठ पूर्ण खरवडायची आणि मग किमोथेरपीसह रेडिएशन द्यायचे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीने 2012 मध्ये दाखवले की रेडिएशनसोबत किमोथेरपी दिल्याने रोग ओटीपोटात आटोक्यात राहण्याचे प्रमाण वाढते. त्यासाठी रुग्णाने पुढे वर्षानुवर्षे दुर्बिणीच्या तपासणीला आले पाहिजे. ही अट लांबच्या गावच्या रुग्णाला जड जाते. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून उपचार पुरे करणारे कर्करुग्ण मी पाहिले आहेत. त्या छपराशिवाय परळच्या रुग्णालयांतले कितीतरी उपचार अर्ध्यावर सुटले असते.

शिश्नाच्या कर्करोगाबद्दल लिहायला लोक बिचकतात, म्हणून मी मुद्दाम लिहितो. पाश्चात्त्य देशांच्या मानाने तो आपल्याकडे अधिक दिसतो. पुढची कातडी मागे न सरणे, त्यामुळे आत राहणारी अस्वच्छता आणि तंबाखू यांचा त्याच्याशी संबंध आहे. शरमेपोटी माणूस महिनोन्‌महिने मलम लावत राहतो आणि बायकोलाही सांगत नाही. जुन्या नियमानुसार रोगाच्या कडेपासून दोन सेंटिमीटर निरोगी भाग काढावा लागे. मूळ लांबीचा विचार केला तर त्या नियमाने बहुतेक अवयवच जाई. पुढे अनेक ठिकाणच्या अभ्यासांतून दिसले की काही मिलिमीटरची निरोगी कडही पुरते, आणि सारे चित्र बदलले. आता लवकर आलेल्या रुग्णात फक्त पुढचे टोक काढून मांडीची पातळ त्वचा त्यावर बसवता येते. उभे राहून लघवी करता येणे ही बाब पुरुषाला किती मोठी वाटते हे मला एका शेतकऱ्याने सांगितले. रानात इतरांच्यापासून वेगळे जाऊन बसावे लागले असते तर मी रानातच गेलो नसतो, असे तो म्हणाला. जांघेतल्या ग्रंथी मात्र वेळेत तपासाव्याच लागतात, कारण जीव तिथे जातो.

वृषणाच्या कर्करोगात तरुण मुले येतात. सिस्प्लॅटिन या किमोथेरपीच्या औषधाच्या काळात ती बहुतेक बरी होतात आणि म्हणूनच पहिल्या भेटीतच शुक्राणू साठवण्याबद्दल बोलायला हवे. किमोथेरपी सुरू झाल्यावर तो विषय काढून उपयोग नसतो.

शस्त्रक्रियेच्या रोबोटबद्दल मला हमखास विचारले जाते. अमेरिकेत 2000 साली त्याला मंजुरी मिळाली आणि डेट्रॉइटमध्ये मणी मेनन यांनी प्रोस्टेटची शस्त्रक्रिया त्यावर शिस्तबद्ध रीतीने बसवली. पाँडिचेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेतून शिकलेल्या भारतीय सर्जनने हे केले याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. मी स्वतः तो वापरतो आणि खोल ओटीपोटात टाके घेताना त्याचा फार उपयोग होतो. परंतु नस कुठे आहे आणि रोग कुठपर्यंत आहे हे त्या यंत्राला कळत नाही. रोबोट नसलेल्या रुग्णालयात उघड्या शस्त्रक्रियेने सुरेख नसा राखणारे सर्जन मला माहीत आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेवर आलेल्या रुग्णाला यंत्र मिळाले नाही म्हणून त्याचे मूत्रपिंड पूर्ण काढावे, हे मला मान्य नाही. बर्फाचा चुरा भोवती घालून मूत्रपिंड थंड करायचे आणि उघड्या जखमेतून ते राखायचे, ही जुनी विद्या प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या हातात असली पाहिजे.

त्यांना शिकवताना मी एक पद्धत पाडली आहे. शस्त्रक्रियेच्या नोंदीत कड स्वच्छ की रोगग्रस्त, किती रक्त गेले, किती मिनिटे क्लॅम्प होता, हे लिहिले जातेच. त्याखाली एक कोरा भाग ठेवला आहे, जो सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी भरायचा असतो: गाळण्याचा वेग किती, दिवसाला किती पॅड लागतात, रात्री किती वेळा उठावे लागते, संबंध सुरू आहेत का, कामावर परतले का. रेसिडेंटला सुरुवातीला हे प्रश्न विचारणे अवघड जाते आणि तो ‘पेशंट ठीक आहे’ असे लिहून मोकळा होऊ पाहतो. मी तो कागद परत पाठवतो. या नोंदींतूनच आम्हांला कळले की कोणत्या रुग्णांत नसा राखूनही उपयोग होत नव्हता आणि कोणाला नवे मूत्राशय द्यायला नको होते. पुढच्या रुग्णांची निवड त्यावरून सुधारली.

स्त्री रुग्णांच्या बाबतीत हा कागद बराच काळ अपुरा होता. मूत्राशयाच्या कर्करोगात स्त्रीचे गर्भाशय, अंडाशय आणि योनीची पुढची भिंत मूत्राशयासोबतच काढण्याची जुनी रीत होती आणि रोग तिथे नसतानाही ते सर्व निघत असे. आता योग्य रुग्णात ते राखले जाते, पण शस्त्रक्रियेनंतर तिला काय जाणवते हे आमच्या ओपीडीत कोणी विचारत नव्हते आणि पुरुष सर्जनला ती सांगतही नव्हती. विभागातल्या दोन तरुण महिला सर्जननी स्त्रियांसाठी मराठी आणि हिंदीत वेगळी प्रश्नावली तयार केली आहे आणि त्या स्वतः, पडदा ओढून, घाई न करता ती भरून घेतात. पहिल्याच महिन्यात जी उत्तरे आली ती वाचून आम्ही आमच्या संमतिपत्रातला मजकूर बदलला.